अकरा गड्यांची यादी

आषाढाचा पाऊस एकदा जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांवर लागला म्हणजे आमच्या शाळेच्या पडवीत एक विलक्षण उद्योग सुरू होतो. मैदानावर घोट्याएवढा लाल चिखल असतो. चेंडू टाकावा तर तो जागच्या जागी रुतून बसतो. पाय मोकळे नाहीत म्हणून मग तोंडे मोकळी सुटतात. आठवी-नववीचे विद्यार्थी वहीच्या मागल्या पानावर अकरा नावे मांडून बसतात. ही नावे वर्गसोबत्यांची नसतात. मुंबई सिटी या व्यावसायिक फुटबॉल संघाचा हंगाम पावसाळा सरता सरता सुरू व्हावयाचा असतो, आणि पहिल्या सामन्यात त्या संघाकडून कोणते अकरा गडी उतरतील याचे भाकीत करण्यात ही मंडळी दंग असतात. गोलरक्षकाच्या नावावर सहसा वाद होत नाही. उजव्या बगलेच्या फॉरवर्डपाशी आवाज चढू लागतात, आणि मधल्या फळीपाशी येईतो घंटा होते.

मागे एका पालकसभेत एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस विचारले, "गुरुजी, पोरं ही नावं घोकतात तशी पाढे का घोकीत नाहीत?" सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो आणि विषय तेवढ्यावरच राहिला. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता, असे पुढे आमच्या प्रत्ययास आले. म्हणून या अंकात त्याचे उत्तर देण्याचे योजिले आहे. ते उत्तर त्या गृहस्थांना अपेक्षित होते त्याहून काहीसे निराळे आहे, हे आधीच सांगून टाकतो.

प्रथम मुलांची बाजू घेतो. ज्या २०१४ साली पालघर जिल्हा ठाण्यापासून निराळा झाला, त्याच साली मुंबई सिटी हा संघ जन्मास आला. तेव्हा आपला जिल्हा आणि हा संघ एकाच वयाचे आहेत. त्या पहिल्या हंगामापूर्वी जो तो दोन नावे अगोदर लिहीत असे : फ्रान्सचा निकोला अनेल्का आणि स्वीडनचा फ्रेडी ल्युंगबर्ग. दोघेही युरोपात गाजलेले. परंतु अनेल्कावर इंग्लंडमध्ये झालेली बंदी पुरती भोगून संपली नव्हती. उरलेले तीन सामने त्याला येथे बाहेर बसावे लागले. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी कोलकात्यास पहिला सामना झाला आणि मुंबईने तो तीन गोलांनी गमाविला. दुसऱ्या सामन्यात पुण्यावर पाच गोल झाले. त्यांतील तीन ब्राझीलच्या आंद्रे मोरित्झने केले, आणि त्या स्पर्धेतील पहिली हॅटट्रिक त्याच्या नावे लागली. हंगामापूर्वी त्याचे नाव कोणाच्या तोंडी होते?

यादी करणे म्हणजे नामवंतांची नावे उतरून काढणे नव्हे, हे मुलांना एवढ्यावरूनच कळू लागते. नियमांची माहिती लागते. स्पर्धेच्या आरंभी एका संघातून एका वेळी सहा परदेशी गडी मैदानात उतरू शकत. २०१७ च्या हंगामात ते पाच झाले, २०२१ च्या हंगामापासून चार. म्हणजे अकरांपैकी सात तरी आपल्या देशाचे हवेत. ज्याने पाच परदेशी नावे लिहिली त्याची यादी कितीही सुंदर असो, ती पहिल्याच तपासणीत बाद. येथे वजाबाकी आहे, आणि वजाबाकीपेक्षा अधिक असा तर्कही आहे. दोन परदेशी बचावात गुंतविले तर पुढे दोनच उरतात. मग डाव्या बगलेला आपला कोण, या प्रश्नास उत्तर शोधावे लागते. आम्ही पाहिले आहे की भूमितीत ज्याचे मन रमत नाही असा विद्यार्थी येथे 'हे असे असेल तर ते तसे असले पाहिजे' अशी पायरी-पायरीने मांडणी करतो. पाढे न घोकल्याची भरपाई यात होते असे आम्ही म्हणत नाही. तथापि डोके रिकामे बसलेले नाही एवढे खास.

शिवाय चुकण्याची लाज जाते, हा लाभ तर फारच मोठा. २०२३ सालचा हंगाम घ्या. त्याच्या आदल्या हंगामात मुंबईने अठरा सामने अपराजित राहून, चौपन्न गोल करून, सेहेचाळीस गुणांनिशी साखळीतील ढाल जिंकली होती. इतका जमलेला संघ असताना पुढल्या वर्षीची यादी करणे म्हणजे जुनी यादी नकलून काढणे, असे कोणासही वाटले असते. झाले काय? मधल्या फळीचा आधार असलेला अहमद जाहूह आणि बचावाचा खांब मुर्तदा फॉल हे दोघेही ओडिशाच्या संघात गेले. नोव्हेंबरात शिक्षक देस बकिंगहॅम इंग्लंडातील ऑक्सफर्डच्या संघाकडे गेले. त्यांच्या जागी पेत्र क्रात्की आले. जानेवारीत ग्रेग स्टुअर्टने संघ सोडला. चांगल्या घराची एकेक वाशे काढावेत तसा हा प्रकार. आणि तरीही ४ मे २०२४ रोजी कोलकात्यास मोहनबागानच्या घरच्या मैदानावर, त्यांच्याच पाठीराख्यांसमोर, मुंबईने अंतिम सामना तीन विरुद्ध एक असा जिंकला. पहिला गोल मोहनबागानचा होता. मग मुंबईकडून पेरेरा दियाज, त्यानंतर मणिपूरचा बिपिन सिंग, आणि सर्वांत शेवटी स्लोव्हाकियाचा याकुब वोय्तुश. हा वोय्तुश संघात आला तोच मुळी जानेवारीत. जुलैत केलेल्या कोणत्याही यादीत त्याचे नाव असणे शक्य नव्हते. ब्रह्मदेवाने यादी केली असती तरी चुकली असती.

त्याच वर्षी एक दुसरी गंमत झाली. ऑगस्टात आशियाई स्पर्धेच्या गटांची सोडत झाली आणि मुंबईच्या गटात सौदी अरबस्तानचा अल-हिलाल संघ आला. त्या संघात ब्राझीलचा नेमार नुकताच दाखल झाला होता. मग काय विचारता! नेमार महाराष्ट्रात खेळणार, ही वार्ता आमच्या पडवीपर्यंत वाऱ्यासारखी आली. यादी मुंबईची राहिली बाजूस, मुले अल-हिलालची यादी करू लागली. ऑक्टोबरात स्वदेशाकडून खेळताना नेमारचा गुडघा दुखावला. ६ नोव्हेंबरास नवी मुंबईत सामना झाला, अल-हिलालने तो दोन गोलांनी जिंकला, आणि नेमार आलाच नाही. एक विद्यार्थी चार दिवस खिन्न होता. पाचव्या दिवशी त्याने विचारले, "पण गुडघ्यात असं काय असतं?" विज्ञानाच्या शिक्षकांनी त्याला फळ्यावर गुडघ्याचे अस्थिबंध काढून दाखविले. आमच्या मते त्या यादीचे सार्थक झाले.

राहुल भेके हे नाव मात्र आमची मुले अभिमानाने लिहीत, आणि ते योग्यच होते. मुंबईचा हा मराठी मुलगा खेळतो बचावात. गोल करणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. परंतु १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीच्या मैदानावर बेंगळुरूकडून खेळताना गोव्याविरुद्धच्या अंतिम सामन्यातील एकमेव गोल त्याने वाढीव वेळेत केला. आणि ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे इराकच्या वायुदल संघाविरुद्ध मुंबईचा विजयी गोलही त्याचाच. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय संघाने जिंकलेला तो पहिलाच सामना. यादीत नाव बरोबर आले तरी तो गडी काय करील हे यादी सांगत नाही, असा याचा अर्थ. पुढे २०२४ साली भेके, दियाज व नोगुएरा बेंगळुरूस गेले, अपुइया मोहनबागानकडे गेला, आणि मार्च २०२५ मध्ये त्याच बेंगळुरूने बाद फेरीत मुंबईवर पाच गोल चढविले. त्या दिवशी पडवीत फारसे कोणी बोलले नाही. आणि २०२५ च्या पावसाळ्यात तर चमत्कारच झाला : मुलांनी याद्या केल्या, परंतु स्पर्धेच्या चालकांचा आणि अखिल भारतीय महासंघाचा करार लांबणीवर पडल्यामुळे हंगामच सुरू होईना. दिवाळी गेली तरी पहिला सामना नाही. अकरा गडी सांगता येतील, पण ते खेळणार केव्हा हे सांगता येत नाही, असे याद्या करणाऱ्यांच्या नशिबी पूर्वी कधी आले नसेल.

येथवर आम्ही मुलांचे वकील झालो. आता आमच्याकडे येतो, कारण खरे गाऱ्हाणे आमच्याविरुद्ध आहे.

मुलांच्या यादीने मुंबई सिटीच्या एकाही गड्याचे काडीइतके नुकसान होत नाही. जव्हारच्या पडवीत कोणी एखाद्याचे नाव गाळले म्हणून त्याची जागा जात नाही. ज्याच्या हाती जागा देणे नाही त्याने भाकीत करावे. ते निरुपद्रवी आहे. परंतु ज्याच्या हाती जागा देणे आहे त्याने जुलैत यादी केली, तर ते भाकीत राहत नाही, तो निकाल होतो. हा भेद आम्हांस दोन वर्षांपूर्वी ठाऊक नव्हता. मुलांचा उत्साह पाहून आम्हीही एक टूम काढली. नाताळाच्या सुटीनंतर शेजारच्या शाळेशी आमचा वार्षिक सामना होतो. त्या सामन्यासाठी आमच्या शाळेचे संभाव्य अकरा गडी आम्ही जुलैतच ठरविले आणि सुवाच्य अक्षरांत सूचनाफलकावर लाविले. हेतू चांगला होता. ज्यांची नावे आली त्यांना हुरूप यावा, ज्यांची आली नाहीत त्यांनी ईर्षेने झटावे.

झटले कोणीच नाही. महिन्याभरात सरावास येणाऱ्यांची संख्या निम्म्यावर आली. ज्यांची नावे फलकावर होती ते निर्धास्त झाले, ज्यांची नव्हती ते आपापल्या वाटेने घरी जाऊ लागले. त्यांत वावरकडील नववीचा एक मुलगा होता. अंगाने किरकोळ, आमच्या हिशेबात तो तेरावा किंवा चौदावा होता. पावसात डोक्यावर इरले घेऊन दीड कोसावरून तो सरावाला येत असे. फलक लागल्यावर तो आठ दिवस आला, नंतर आला नाही. आवणीची कामे असतील असे आम्ही समजलो.

पुढले सांगणे आवश्यक आहे म्हणूनच सांगतो. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात त्याचे वडील शाळेत आले. नागली-वरईची कापणी उरकली होती, आणि आपल्याकडील शेकडो कुटुंबांप्रमाणे त्यांचेही जगायला जाण्याचे दिवस आले होते. भिवंडीकडील वीटभट्टीवर जावयाचे ठरले होते. दाराशी उभे राहून ते म्हणाले, "गुरुजी, आमचा पोर खेळात आहे का? असला तर आजीपाशी ठेवतो. नसला तर नेतो संगती, तेवढाच हातभार." आम्ही मान वळवून फलकाकडे पाहिले आणि सांगितले, "नाही, त्याचे नाव नाही." ते बरे म्हणाले आणि गेले.

जानेवारीत सामन्याच्या दिवशी मोजदाद केली, तेव्हा फलकावरील अकरांपैकी सहा जण शाळेत होते. पाच जण आईबापांबरोबर भट्ट्यांवर आणि बांधकामांवर गेले होते. जुलैत ही गोष्ट आम्हांस दिसावयास हवी होती. मुंबई सिटीच्या गड्यांचे दुखापती, बंदी, परदेशी जागा असे सारे हिशेब आम्ही मुलांना शिकविले. परंतु दरवर्षी दिवाळीनंतर गावे अर्धी रिकामी होतात, हा आपल्याच दारातील हिशेब आमच्या यादीत नव्हता. आम्ही सातवीच्या दोघांना उतरवून कसाबसा संघ पुरा केला आणि हरलो. हरण्याचे दुःख नाही. तो वावरचा मुलगा शिमग्याला परत आला तेव्हा परीक्षेस बसण्याजोगा राहिला नव्हता. जूनमध्ये तो पुन्हा नववीत बसला. त्याचे सोबती दहावीत गेले होते.

कोणी म्हणेल, एका फुटबॉलच्या यादीवर एवढा भार कशास? मुलगा गेला तो दारिद्र्यामुळे. होय, ते खरेच आहे. वीटभट्टी आम्ही उभारली नाही, आणि शाळेचा एक सामना कोणत्याही कुटुंबाचे चार महिन्यांचे पोट भरू शकत नाही. परंतु त्या बापाचे मन दोलायमान होते, आणि ते इकडे की तिकडे झुकावे हे आमच्या एका शब्दावर होते. तो शब्द आम्ही एका जुन्या कागदाकडे पाहून उच्चारिला. दारिद्र्याचा दोष दारिद्र्याकडे असो. एवढा आमच्याकडे राहू द्यावा.

वावरच्या मुलाविषयी ही चूक व्हावी याचे आम्हांस विशेष वाईट वाटते, त्याला कारण आहे. वावर-वांगणीचे नाव १९९२ साली कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे देशभरच्या वर्तमानपत्रांत आले. तेव्हापासून बाहेरचा मनुष्य या गावांचे नाव ऐकतो तेव्हा येथील मुलांची यादी त्याच्या मनात आधीच तयार असते : हा अशक्त असणार, हा शाळा सोडणार, हा भट्टीवर जाणार. हंगामापूर्वीच्या याद्या त्या ह्याच. आम्ही येथे राहतो, मुलांना धावताना पाहतो; निदान आम्ही तरी असली यादी करावयास नको होती.

आणि पाहिले तर याद्या चुकतात त्या बहुधा अशाच जागी. आपल्याच जिल्ह्यातील शार्दूल ठाकूर पालघरहून लोकलगाडीने मुंबईस सरावाला जात असे. २०१८ साली हैदराबादेस पहिल्या कसोटीत दहा चेंडू टाकले आणि दुखापतीने बाहेर गेला. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला बुमराह, अश्विन, जडेजा, शमी असे सारे जायबंदी झाले म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली. दौऱ्याच्या आरंभी केलेल्या कोणाच्या अकरांत तो असेल असे वाटत नाही. त्याने सदुसष्ट धावा केल्या, दोन डावांत मिळून सात बळी घेतले, आणि भारत तो सामना व मालिका जिंकला. फुटबॉलात पाहावयाचे तर मिझोरमचा ऐझॉल संघ २०१६ साली खालच्या वर्गात घसरला होता, त्याला कशीबशी पुन्हा जागा मिळाली, आणि ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला बरोबरी साधून तो आय-लीगचा विजेता झाला. त्याचे शिक्षक खालिद जमील त्यापूर्वी मुंबईच्याच एका संघाचे शिक्षक होते आणि तेथून दूर झाले होते. २०२५ साली ते भारतीय संघाचे शिक्षक झाले. त्या ऐझॉल संघात जयेश राणे हा मुंबईचा गडी होता, तोच २०२३ च्या हंगामात मुंबई सिटीत आला. मिझोरम हा आपल्यासारखाच डोंगराळ, पावसाळी मुलूख. तेथील लुंगलेईचा छांगटे आज ठाऊक नाही असा आमच्या पडवीत कोणी नाही.

येथला शेतकरी या बाबतीत आमच्याहून शहाणा आहे. तो राब भाजतो, नागलीची रोपे टाकतो, आणि लागतील त्याहून अधिक टाकतो. कोणते रोप धरेल हे तो वैशाखात सांगत नाही; आवणीच्या दिवशी शेतात जे उभे असते ते लावतो, आणि मर लागली तर उरलेल्या रोपांतून खाडे भरून काढतो. वैशाखात रोपे मोजून बाकीची टाकून देणारा शेतकरी आम्ही पाहिलेला नाही. शिक्षक मात्र पाहिला आहे.

आमचे मत आता असे झाले आहे. मुंबई सिटीची यादी मुलांनी खुशाल करावी, आणि ती अधिक काटेकोरपणे करावी. पडवीत नुसते ओरडण्यापेक्षा प्रत्येकाने अकरा नावे आणि प्रत्येक नावापुढे एक कारण लिहावे, कागद पाकिटात घालून वर्गशिक्षकांकडे द्यावा, आणि पहिल्या सामन्याच्या दिवशी ती पाकिटे सर्वांसमक्ष उघडावीत. गेल्या वर्षी काही वर्गांत असे करून पाहिले. मागाहून "मी म्हटलेच होते" असे म्हणणाऱ्यांची संख्या एकाएकी फार घटली. मुलींच्या याद्या मुलांपेक्षा अधिक बरोबर निघाल्या, हेही नमूद करतो. त्यांनी आवडत्या गड्यापेक्षा तंदुरुस्त गडी पाहिला होता.

शाळेच्या संघाची यादी मात्र यापुढे आगाऊ लागणार नाही. सामन्याच्या दिवशी सकाळी, जे हजर असतील त्यांना पाहून ती केली जाईल. तोवर सरावाला येणारा प्रत्येक जण संघातच आहे, असे धरिले जाईल. याने संघ कमी जमलेला राहील, असा आक्षेप आमच्या एका सहकाऱ्यांनी घेतला आहे. तो अगदीच निराधार नाही. अकरा जणांनी सहा महिने एकत्र खेळण्याने जी जाण येते ती वीस जणांत वाटली गेली तर पातळ होते. आम्ही ते नुकसान पत्करतो. सहा महिने एकत्र राहतील असे अकरा जण आमच्याजवळ असते तर गोष्ट वेगळी होती.

पालकांना एक विनंती. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहांची योजना आहे, आणि कित्येकांच्या घरी आजी-आजोबा मागे राहतात. जाण्याचे ठरले की निदान आठ दिवस आधी आम्हांस कळवावे, म्हणजे मुलाच्या राहण्या-जेवणाची काही वाट काढता येते. आणि दिवाळीपूर्वी जो कोणी दाराशी येऊन "आमचा पोर खेळात आहे का?" असे विचारील, त्याला उत्तर देताना आम्ही आता फलकाकडे पाहणार नाही. तो खेळात आहे. त्याला येथे राहू द्यावे.